कासवाच्या अक्षराचे पाय कापले, ते योग्य झालं का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

चिनी लिपीतलं कासवाचं अक्षर आज पूर्व आशियात तीन रूपांत लिहितात. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनं, १६ रेघांचं. जपानमध्ये ११ रेघांचं. चीनमध्ये ७ रेघांचं. जपानी शिकताना आणि पुढे शिकवताना ही तिन्ही रूपं माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि माझं ठाम मत आहे की या एका अक्षराच्या बाबतीत छाटणी नडली. बाकी अक्षरं सोपी केली त्याबद्दल माझं भांडण नाही. कासवाला तेवढं हात लावायला नको होता.

ज्यांनी हे अक्षर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: जुन्या रूपात माथ्यावर वाकलेलं डोकं आहे. तिथून कणा सरळ खाली उतरतो आणि तळाशी उजवीकडे वळून त्याची शेपटी होते. डावीकडे एकाखाली एक दोन पाय, बोटांसकट. उजवीकडे पाठीची ढाल आणि तिच्यावर फुलीच्या रेघा. कासव उभं धरून बाजूने पाहावं तसं ते दिसतं. जपानी रूपात पाय आणि ढाल दोन्ही गेले; डोकं, एकावर एक दोन चौकटी आणि शेपटी राहिली. चिनी रूपात चौकटही एकच. आजच्या चीनमध्ये 'वीज' हा शब्द ज्या अक्षराने लिहितात त्याच्यावर डोकं ठेवलं की कासव तयार होतं. विजेचा आणि कासवाचा संबंध काय, हे कुठलाही शिक्षक मुलाला सांगू शकणार नाही.

याच अक्षराचा आग्रह का, तर ही लिपी आपल्याला पहिल्यांदा नीट भेटते तीच कासवाच्या अंगावर. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी शांग राजघराण्याचे लोक कौल लावायला कासवाचं पोटाकडचं कवच वापरत. आधी कवच साफ करून घासून गुळगुळीत करायचं. मग आतल्या बाजूने लांबट खोबणी कोरायच्या, त्यांच्या शेजारी गोल खळगे. त्या खळग्यात निखारा टेकवला की पलीकडच्या गुळगुळीत बाजूला तडा जायचा: एक उभी रेघ आणि तिच्यातून निघालेला एक आडवा फाटा. पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, राणीचं बाळंतपण सुखरूप होईल का, याचं उत्तर त्या तड्यात वाचायचं आणि प्रश्न तिथेच शेजारी कोरून ठेवायचा. चिनीत 'कौल लावणे' याचं अक्षर म्हणजे तोच तडा, एक उभी रेघ आणि एक फाटा.

१८९९ मध्ये वांग यीरोंग या अधिकाऱ्याने ही कोरलेली हाडं आणि कवचं ओळखली, असं मानलं जातं. १९०३ मध्ये त्यांच्या ठशांचा पहिला संग्रह लिऊ अ याने छापला, त्याच्या नावातच कासव होतं. १९३६ मध्ये शांगांच्या जुन्या राजधानीच्या जागी, आनयांगजवळच्या श्याओतुन गावात, एकाच खड्ड्यात १७ हजारांहून जास्त कोरीव तुकडे सापडले, जवळजवळ सगळे कासवाच्या कवचाचे. ज्या प्राण्याच्या पोटावर एवढी मोठी लिपी आपल्याला सापडली, त्याचं चित्र त्या लिपीत ओळखता येईल असं राहायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे. विरोधी मतं जरूर मांडा.

खडूफळा

पाटीपेन्सिल, कौलाचं वर्णन आवडलं. निष्कर्ष मात्र पटला नाही, आणि त्याची कारणं तुमच्याच दाखल्यात आहेत.

शांग काळातल्या कवचावर जे कासव कोरलंय ते १६ रेघांचं नाहीच. कधी ते वरून पाहिल्यासारखं चार पायांचं आहे, कधी बाजूने. एकाच काळात, एकाच राजधानीत त्याची कितीतरी रूपं आहेत. तुम्ही ज्याला जुनं म्हणता ते रूप त्याच्या हजार वर्षांनंतरचं, कुंचल्याने भराभर लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातून घडलेलं. गोलाई मोडली, पायांच्या आडव्या रेघा झाल्या, कवच चौकोनी झालं. म्हणजे तुमचं 'मूळ' रूपसुद्धा छाटूनच झालेलं आहे. मग छाटणी नेमकी कुठल्या शतकात थांबायला हवी होती?

दुसरं, ही छोटी रूपं १९५६ मध्ये, चीन सरकारने अक्षरं सोपी केली तेव्हा, कुणा समितीने बसून शोधून काढलेली नाहीत. दुकानदार, हस्तलिखितांचे नकलकार, स्वस्त कथा छापणारे छापखाने पिढ्यान् पिढ्या अशीच छोटी रूपं वापरत आले. सरकारने त्यांतली निवडून त्यांना अधिकृत केलं. लोकांच्या हाताला मान मिळाला, असं मी त्याकडे पाहतो.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. १९४९ मध्ये चीनमधली बहुसंख्य माणसं निरक्षर होती. शेतात राबून रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या माणसासमोर १६ रेघांचं कासव ठेवायचं की ७ रेघांचं, हा प्रश्न ज्यांच्यापुढे होता त्यांनी दिलेलं उत्तर मला योग्य वाटतं. मी प्रौढ साक्षरता वर्ग घेतले आहेत. पन्नाशीच्या बाईला 'क्ष' आणि 'ज्ञ' लिहिताना किती त्रास होतो ते समोर बसून पाहिलं आहे. चित्र सुंदर आहे म्हणून ते तसंच राहू दे, हे म्हणणं ज्याला आधीपासून लिहितावाचता येतं त्याचं असतं.

तैपेईतून

खडूफळा सर, साक्षरतेचा मुद्दा ऐकायला बळकट वाटतो, पण तैवानकडे पाहिलं की तो टिकत नाही. इथे प्राथमिक शाळेतली मुलं १६ रेघांचं कासव लिहितात आणि इथली साक्षरता कुठल्याही प्रगत देशाच्या तोडीची आहे. हाँगकाँगचंही तेच. शाळा, शिक्षक, पुस्तकं आणि पोरांच्या पोटात अन्न असेल तर १६ रेघा आड येत नाहीत.

इथे ते अक्षर शोधायला पुस्तक उघडावं लागत नाही. यीलानच्या किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या बेटाचं नाव कासवडोंगराचं बेट. ताओयुआनमध्ये त्याच नावाचा एक अख्खा भाग आहे, बसच्या पाटीवर ते अक्षर रोज दिसतं. देवळात गेलात तर आंग-कू-क्वे, म्हणजे लाल कासव-पिठ्या. चिकट तांदळाचं पीठ लाल रंगात मळतात, आत मुगाचं किंवा शेंगदाण्याचं गोड सारण भरतात, आणि गोळा लाकडी साच्यात दाबून उलटा करतात. साच्यात कवचाच्या रेघा कोरलेल्या असतात, त्या लाल पिठावर उमटतात. खाली केळीच्या पानाचा तुकडा लावून वाफवतात. बाळ महिन्याचं झालं, आजीची सत्तरी झाली, देवाचा वाढदिवस आला, की या पिठ्या हव्यातच. पंगहू बेटांवर कंदिलांच्या सणाला तर देवळात तांदळाच्या पोत्यांची प्रचंड कासवं रचतात. तिथे 'कासव मागण्याची' प्रथा आहे: लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकून देवाचा कौल घ्यायचा, कौल मिळाला तर कासव घरी न्यायचं आणि पुढच्या वर्षी त्याहून मोठं परत करायचं.

पाटीपेन्सिल, मी तुमच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. अक्षर चित्रासारखं दिसतं म्हणून जपायचं, हे मला पुरेसं वाटत नाही. ते पाटीवर, देवळात, खाण्यात वापरात आहे म्हणून इथे ते कुणाला जड जात नाही.

रांजणगाव ते सोल

मी कोरियात राहिलेलो आहे, त्यामुळे तिकडची बाजू मांडतो. आणि ती तुमच्या दोघांच्याही विरोधात जाते.

कोरियात हे अक्षर अधिकृतपणे आजही १६ रेघांचंच आहे, कुणी छाटलेलं नाही. तरी रस्त्यावरच्या माणसाला ते लिहिता येत नाही, कारण रोजचं सगळं लिखाण हंगुलमध्ये, म्हणजे कोरियाच्या स्वतःच्या लिपीत चालतं. रेघा शाबूत राहिल्या आणि अक्षर वापरातून गेलं.

उच्चाराची गुंतागुंत तर विचारू नका. एकाच अक्षराचे तिकडे तीन उच्चार आहेत: ग्वी, गू आणि ग्युन. नौसेनापती ई सुन-शिन याच्या १५९२ च्या प्रसिद्ध कासव-जहाजाच्या चिनी नावात 'ग्वी'. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांसाठी माहीत असलेलं गुमी शहर म्हणजे 'कासवाची शेपटी', तिथे 'गू'. आणि भिंतीला किंवा पक्षात तडा गेला की त्याला म्हणतात ग्युन्यॉल, तिथे 'ग्युन'. हा शेवटचा शब्द बातम्यांत रोज असतो. बोलणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना त्यात कासव आहे हे ठाऊक असेल? माझ्या ओळखीत तरी कुणालाच नव्हतं.

पण म्हणून कासव कोरियातून गेलं का? बिलकुल नाही. ५ वॉनच्या नाण्यावर कासव-जहाज आहे. आणि गिमहे शहरात गूजी नावाची टेकडी आहे, तिच्या नावातही हेच अक्षर. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात तिची कथा आहे: इसवी सन ४२ मध्ये लोक त्या टेकडीवर जमले, माती उकरत गाऊ लागले, 'कासवा कासवा, डोकं बाहेर काढ, नाही काढलंस तर भाजून खाऊ.' मग आकाशातून सोन्याची अंडी उतरली आणि त्यातून राजा सुरो निघाला. त्याच सुरोची राणी हो ह्वांग-ओक, जी 'आयुता'हून जहाजाने आली म्हणतात. आयुता म्हणजे अयोध्या असं मानून तिचं स्मारक २००१ मध्ये अयोध्येत उभं राहिलं, ते आपल्यातल्या काहींनी पाहिलं असेल. हे गाणं कोरियन मुलं शाळेत शिकतात, ते हंगुलमध्ये. 'कॉबुक' हा त्यांचा स्वतःचा कासवासाठीचा शब्द त्यात आहे. कासव त्यांच्या तोंडी जिवंत आहे आणि त्याला १६ रेघांची गरज पडलेली नाही.

पाटीपेन्सिल

रांजणगाव ते सोल, तुम्ही जे सांगितलंत ते मला माझ्याच बाजूचं वाटतं. ग्युन्यॉल घ्या. जपानीत तोच शब्द किरेत्सु आहे, 'कासव' आणि 'फाटणे' ही दोन अक्षरं जोडून लिहिलेला. उन्हाने सुकलेल्या शेताला कासवाच्या पाठीसारख्या भेगा पडतात, ते चित्र आहे हे. जपानी मुलगा तो शब्द पहिल्यांदा वाचतो तेव्हा अर्धा अर्थ डोळ्यांना मिळतो. कोरियन मुलाला तो पूर्ण पाठ करावा लागतो. तसाच 'ग्वीगाम', म्हणजे आदर्श. 'कासव' आणि 'आरसा'. कवचात भविष्य पाहायचं, आरशात स्वतःला पाहायचं, म्हणून दोन्ही मिळून ज्याच्याकडे पाहून वागावं तो. कोरियन पालक हा शब्द भाषणांत ऐकतात, पण त्यातला कौल आणि आरसा दोन्ही त्यांना दिसत नाहीत. गाणं टिकलं याचा आनंद आहे. शब्दांच्या पोटातलं मात्र हरवलं, आणि ते हरवलंय हे कळायलासुद्धा कुणी उरलं नाही, याची मला हळहळ वाटते.

खडूफळा सर, मूळ रूप कुठलं हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की कवचावरच्या कोरीव कासवापासून १६ रेघांच्या कासवापर्यंत डोकं, पाय, ढाल, शेपटी हे सगळे अवयव टिकले. रेघा ताठ झाल्या, पण प्राणी पूर्ण राहिला. पुढच्या छाटणीत अवयव गेले. हा फरक मी महत्त्वाचा मानते.

फाँटकारखाना

माझा धंदा अक्षरांचे फाँट बनवण्याचा, म्हणून संगणकाची बाजू सांगतो.

कोरियाने १९८७ च्या आपल्या प्रमाण संकेतावलीत चिनी अक्षरं उच्चारांच्या क्रमाने लावली. ज्या अक्षराचे उच्चार अनेक, ते प्रत्येक उच्चारापाशी पुन्हा घातलं. त्यामुळे वर सांगितलेल्या ग्वी, गू, ग्युन या तीन उच्चारांसाठी कासव तीन वेळा आलं, हुबेहूब सारखं. जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोडने कोरियन मजकूर बिनचूक मागेपुढे करता यावा म्हणून ही पुनरावृत्ती स्वीकारली. अशी एकूण २६८ जादा अक्षरं आहेत, त्यांत कासवाची दोन. आजही कोरियन दस्तऐवजात शोध घेताना डोळ्याला एकच दिसणारं कासव यंत्राला वेगळं वाटू शकतं आणि शोध फसतो. याशिवाय जपानी ११ रेघांचं आणि चिनी ७ रेघांचं रूप यांना आपापले वेगळे क्रमांक आहेतच.

आणि १६ रेघांच्या रूपाचा क्रमांक एक असला तरी ते सगळीकडे सारखं दिसत नाही. पाय कण्याला कुठे चिकटतात, ढालीवरची फुली चौकटीला टेकते की नाही, हे तैपेई, हाँगकाँग, टोकियो आणि सोल इथल्या फाँटांत वेगवेगळं असतं. मराठी वाचकाला हे पटकन कळेल. आपला 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे, पण युनिकोडमध्ये क्रमांक एकच. २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वळण ठरवून दिलं, तरी फोनवर कुठलं वळण दिसेल ते फाँटच्या हातात.

आता वादाबद्दल. जुन्या पडद्यांवर एका अक्षराला १६ बाय १६ ठिपक्यांची जागा मिळायची. त्यात १६ रेघांचं कासव बसवताना रेघा गाळाव्याच लागत, नाहीतर काळा ठिपका दिसे. आजच्या पडद्यांवर ती अडचण नाही. लिहिणंही आता बहुतेक ठिकाणी उच्चार टाइप करून यादीतून निवडणं झालंय. ७ रेघा असोत की १६, बोटाला कष्ट तेवढेच. खडूफळा सरांचा रात्रीच्या वर्गाचा मुद्दा त्या काळासाठी मला मान्य आहे. आज तो लागू पडत नाही.

खडूफळा

फाँटकारखाना, टाइप करायला कष्ट सारखे, हे बरोबर. पण सहा वर्षांचं पोर टाइप करून लिहायला शिकत नाही, ते वहीतल्या चौकोनात पेन्सिल दाबून शिकतं. आणि ज्यांना १६ रेघांचं कासव यादीतून निवडता येतं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ते हाताने लिहिता येत नाही, ही तक्रार तैवानपासून जपानपर्यंत सगळीकडे ऐकू येते.

पाटीपेन्सिल, अवयव टिकल्याची गोष्ट तुम्ही काढलीत म्हणून एक दाखला देतो. 'शरद ऋतू' हे अक्षर आज धान्य आणि आग मिळून लिहितात. त्याचं जुनं रूप आहे धान्य आणि कासव. शरदात कासवाचं काय काम? कवचावरच्या कोरीव अक्षरांत तिथे एक मिशाळ कीटक आहे, टोळासारखा. नंतरच्या लेखनिकांना तो ओळखू आला नाही, त्यांनी त्याचं कासव केलं. म्हणजे चित्र वाचण्याची नजर त्या काळीच गेली होती. ज्या अक्षरांना आपण चित्र म्हणून पुजतो त्यांत अशा गफलती पिढ्यान् पिढ्या साठलेल्या आहेत. अक्षर हे चिन्ह आहे, चित्र नव्हे. चार लोकांनी एका अर्थाने वाचलं की त्याचं काम झालं.

क्योतोचा मुक्काम

खडूफळा सर, त्याच शरदाच्या कासवाने जपानात फार सुंदर काम केलंय. काबुकी नाटकाच्या किंवा सुमोच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस म्हणजे सेनशूराकु. त्यात शरदाचं अक्षर येतं. रोजच्या अक्षरात आग आहे आणि जुनी लाकडी नाट्यगृहं आगीत जायची. म्हणून नाटकवाले आगीचं अक्षर टाळून मुद्दाम कासवाचं जुनं रूप लिहितात. आगही टळते आणि दीर्घायुष्याचं कासवही येतं. 'करकोच्याची हजार वर्षं, कासवाची दहा हजार' ही म्हण तिथे लग्नाच्या पाकिटापासून सगळीकडे भेटते. लेखनिकाच्या गफलतीतून आलेलं कासव असेल, पण नाटकाच्या फलकावर ते आज अर्थासकट उभं आहे.

राजदरबारात तर कासवाच्या नावाने काळ मोजला गेला. ७१५ मध्ये सुरू झालेलं रेइकी, ७२४ चं जिंकी, ७७० चं होकी, या तिन्ही कालखंडांच्या नावात हे अक्षर आहे. कुठूनतरी दुर्मीळ कासव सापडून राजधानीत यायचं, तो शुभशकुन मानून वर्षगणनेचं नाव बदलायचं. आणि तरी याच जपानच्या रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत कासवाचं अक्षर २०१० मध्ये आलं. तोवर ते व्यक्तिनामांच्या वेगळ्या यादीत होतं. कामेदा, कामेई ही आडनावं ऐकलीच असतील, त्यातलं 'कामे' म्हणजे कासव. यादीत नसतानाही ते कुणी विसरलं नाही.

जुनेरस्ते

रेघांवर एवढी चर्चा झाली, पण या अक्षराला खरा धक्का रेघांनी दिलेला नाही, समाजाने दिला. माझ्या मते धाग्याचा प्रश्नच जरा वेगळा मांडायला हवा.

तांग राजघराण्याच्या काळात (सातवं ते दहावं शतक) कासव हे मानाचं नाव होतं. दरबारी गायक ली ग्वेइन्येन, कवी लू ग्वेइमंग, दोघांच्या नावात 'ग्वेइ' म्हणजे कासव. सम्राज्ञी वू झत्येनने ६९० मध्ये अधिकाऱ्यांची माशाच्या आकाराची ओळखचिन्हं बदलून कासवाची केली. तिसऱ्या श्रेणीपासून वरच्यांना सोन्याची सजावट. त्यावरून नवव्या शतकातल्या ली शांगयिनच्या कवितेत 'सोन्याच्या कासवाचा नवरा' आला, आणि आजही श्रीमंत जावई मिळाला की चिनी माणसं 'सोन्याच्या कासवाचा जावई' म्हणतात. कवी ली पायला पहिल्यांदा भेटल्यावर ह झ्रजांग या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने कमरेचं सोन्याचं कासव सोडून त्याच्या बदल्यात दारू आणवली, ही आठवण खुद्द ली पायने लिहून ठेवली आहे.

पुढच्या शतकांत चित्र पालटलं. कासव म्हणजे बायको ज्याला फसवते तो नवरा, कासव म्हणजे कुंटणखान्यात काम करणारा पुरुष, अशा शिव्या रूढ झाल्या. चिनी आईबापांनी मुलाच्या नावात हे अक्षर घालणं सोडलं. आणि त्या सगळ्या काळात अक्षर पूर्ण १६ रेघांचं होतं! पाय होते, ढाल होती, चित्र शाबूत होतं. त्याने कासवाची अब्रू वाचली नाही. उलट ७ रेघांच्या जमान्यात, परदेशात शिकून मायदेशी परतलेल्या तरुणांना 'समुद्री कासव' म्हणायला लागले, कारण 'परदेशातून परतणे' आणि 'समुद्री कासव' यांचा उच्चार एकच, हायग्वेइ. तो शब्द लोक स्वतःबद्दल मोकळेपणाने वापरतात. कासवाला थोडा मान परत मिळाला तो छाटलेल्या अक्षरात.

मोडीवाचक

मी दोन्ही बाजूंचं वाचतोय. माझं मत वाचणाऱ्याच्या बाजूने आहे.

हानोईच्या साहित्य मंदिरात ८२ शिलालेख आहेत, प्रत्येक एका दगडी कासवाच्या पाठीवर. पहिले १४८४ मधले. राजाच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावं चिनी अक्षरांत कोरलेली. व्हिएतनामने ती लिपी सोडून रोमन लिपी घेतली. तरी परीक्षेआधी विद्यार्थी यायचे, कासवांच्या डोक्यावरून हात फिरवायचे, इतका की दगड झिजू लागला आणि कठडा बांधावा लागला. कासवावर श्रद्धा आहे. त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते मात्र त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नाही.

आपल्याकडे मोडीचं हेच झालं. शाळेतून मोडी गेली आणि घराघरातले, दप्तरखान्यांतले कागद वारसांना मुके झाले. लिहायला देवनागरी सोपी, छापायला सोयीची, हे सगळं मान्य. पण वाचण्याची ओळख तेवढी ठेवली असती तर आज जमिनीचा जुना कागद घेऊन माणसं माझ्यासारख्याचं दार शोधत आली नसती. म्हणून चीनमधल्या मुलाने १६ रेघा लिहाव्यात असं मी म्हणणार नाही. ओळखाव्यात, एवढं म्हणेन.

कुमारायण

एक बाजू राहिली. या अक्षराचा भारताशी जोडलेला एक उच्चार आहे. आजच्या शिनज्यांगमधलं कुचा हे वाळवंटाकाठचं प्राचीन राज्य चिनी ग्रंथांत दोन अक्षरांत लिहितात, त्यातलं पहिलं कासव. पण तिथे उच्चार 'ग्वेइ' नाही, 'छ्यो'. तिथेच ३४४ च्या सुमारास बौद्ध ग्रंथांचा अनुवादक भिक्षू कुमारजीव याचा जन्म झाला. वडील कुमारायण भारतातले, आई जीवा कुचाच्या राजाची बहीण. ३८४ मध्ये चिनी सेनापतीने कुचा जिंकून कुमारजीवाला नेलं, ४०१ मध्ये तो चांगआन या राजधानीत पोचला आणि ४०६ मध्ये त्याने सद्धर्मपुंडरीक सूत्राचा अनुवाद पुरा केला. पूर्व आशियातले बौद्ध आजही बहुतेक त्याच्याच शब्दांत ते सूत्र म्हणतात.

कुचाच्या नावातलं कासव निव्वळ ध्वनीसाठी आहे, प्राण्याशी काही संबंध नाही. पाटीपेन्सिल यांचं पूर्ण चित्र तिथे उलट वाट चुकवतं. वाचणारा कासवाचा देश समजून बसेल. म्हणून मी खडूफळा सरांच्या 'अक्षर हे चिन्ह' या म्हणण्याकडे झुकतो.

पाटीपेन्सिल

जुनेरस्ते, शिव्यांचा मुद्दा मी मानते. अब्रू वाचवायचं काम मी रेघांवर टाकलेलं नाही. पण तुम्ही आणि कुमारायण यांनी सांगितलेले सगळे पुरावे, तांग कवींची नावं, सोन्याची कासवं, कुमारजीवाच्या काळचे ग्रंथ, हे कुठल्या अक्षरात आहेत? १६ रेघांच्या. १७१६ च्या खांगशी कोशात अक्षरांचे २१४ वर्ग आहेत, त्यांत ड्रॅगनच्या लगेच पुढे २१३ वा वर्ग कासवाचा. ते रूप ज्याला ओळखता येत नाही त्याला हा कोशही उघडून शोधता येत नाही.

मोडीवाचक यांची सूचना मला पटली. लिहिण्याची सक्ती नको. पण चीन, जपान आणि कोरिया या तिन्ही देशांतल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये ८०८ समान अक्षरांची यादी केली, तशाच प्रयत्नात प्रत्येक छाटलेल्या रूपाशेजारी पूर्ण रूप छापावं, असं मी म्हणेन. सुरुवात कासवापासून करावी.

खडूफळा

शेजारी छापा, माझी हरकत नाही. पण मुलाला चित्रच दाखवायचं असेल तर १६ रेघांचं मधलं रूप कशाला? आनयांगला लिपीचं राष्ट्रीय संग्रहालय २००९ पासून उघडं आहे. मुलाला थेट कवच दाखवा. त्यावरचं चार पायांचं कासव तीन वर्षांचं पोरही बोट दाखवून ओळखेल.

पाटीपेन्सिल

जरूर दाखवा. पण कवचावरचं कासव ओळखून ली पायची एक ओळही वाचता येणार नाही. कवच आणि आजची वही यांच्यामध्ये जे दोन हजार वर्षांचं लिहिलेलं आणि छापलेलं आहे, ते त्या मधल्या रूपात आहे.